अमावस्येपर्यंतची सूज

बोरटेकडीत मान मार खाणाऱ्याला होता, मारणाऱ्याला नव्हता.

चैत्री पुनवेला गावात भैरोबाची जत्रा भरायची. वरच्या आळीची एक काठी निघायची, खालच्या आळीची एक. त्यातली कोणती आधी कळसाला टेकवायची, यावरून दोन्ही आळ्या पणजोबांच्या काळापासून एकमेकांची डोकी फोडत आलेल्या. आधी नियम सरळ होता, जो जास्त मारील त्याचा मान. त्यात दोन माणसं गेली आणि एकाचा कान शेवटपर्यंत सापडला नाही. मग पंचांनी विचार करून नियमच उलटा केला. देवासाठी ज्यानं जास्त सोसलं, त्याच्या आळीला पुढच्या वर्षीचा मान. जत्रेनंतरच्या अमावस्येला पंच पारावर बसत आणि तोंडं बघत. ज्याचं तोंड सगळ्यांत बिघडलेलं, त्याची आळी जिंकली. जखम जत्रेतलीच पाहिजे, मागाहून करून आणलेली चालायची नाही. आणि कोणी मारलं, हे विचारायचं नाही, कारण ते विचारलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं.

पंचांना वाटलं, आता तरी मारामाऱ्या थांबतील. झालं एवढंच, की मारणारे कमी झाले आणि तोंड पुढं करणारे वाढले. समोरच्यानं आपल्याला हाणावं म्हणून लोक वर्षभर शिव्या जमवून ठेवायला लागले. शिवाय मार नुसता खाऊन भागत नव्हतं, तो अमावस्येपर्यंत टिकवावा लागे. काठीचा वळ टिकत नाही. दगडाची खोक टिकते, पण ती डोक्यावर बसली तर केसांत लपते. सगळ्यांत खात्रीचं म्हणजे नाक.

आसाराम वरच्या आळीचा. तिशीचा गडी, अंगानं रांजणासारखा, नाक दोनदा मोडून दोन्ही वेळा वाकडंच जुळलेलं. दोन्ही वेळा सूज अमावस्येच्या आतच उतरली होती. त्याचे वडील आप्पासाहेब यांनी तर या मानापायी पुढचे दात, एक बरगडी आणि डाव्या कानाचं ऐकणं एवढं सगळं भैरोबाला वाहिलं होतं, पण काठी काही त्यांच्या हाती आली नव्हती. आता त्यांना पायरी चढताना धाप लागत होती.

"पुढली जत्रा मला दिसंल," जत्रेच्या सकाळी ते आसारामला म्हणाले. "त्याच्या पुढली न्हाई दिसायची. एकदा काठी धरीन म्हन्तो. तेवढं तोंड नीट फोडून घे."

"घेतो की," आसाराम म्हणाला आणि न्याहारी करून देवळाकडं गेला.

देवळासमोर काठ्या भिडल्या. पहिल्याच रेट्यात कोणाचा तरी खांदा निखळला, रेवडीवाल्याची गाडी उलटली, आणि तराजूचं एक पारडं उडून पुजाऱ्याच्या कपाळावर बसलं. पुजारी कोणत्याच आळीचा नव्हता, त्यामुळं ते वाया गेलं. धुरळ्यातून आसाराम खालच्या आळीच्या कानिफनाथाला शोधत होता. कानिफनाथ त्याचा लांबचा चुलतभाऊ. त्याचंही नाक दोनदा मोडलेलं. पैकी एकदा आसारामनंच मोडलेलं, आणि ती चूक आसारामला आजही सलत होती, कारण त्या वर्षी मान खालच्या आळीला गेला होता.

"ये की रं, शेळपटा," कानिफनाथ म्हणाला. "तुझ्या बापाला शिट्टी वाजवायला दात न्हाईत, काठी काय धरनार त्यो?"

शिवी चांगली होती. पण आसाराम मारायला आला नव्हता. त्यानं तोंड पुढं केलं आणि जोरानं आत घुसला. कानिफनाथानंही नेमका तोच विचार केला होता. दोन्ही नाकं एकाच क्षणी एकमेकांवर आदळली. वाळलेली शेंग बोटांत फोडावी तसा आवाज झाला, पण दोन शेंगांचा. मग दोघंही खाली बसले आणि एकमेकांच्या रक्तात हात टेकवून एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले, कोणाचं जास्त झालंय ते.

सारखंच झालं होतं.

गावात जीप एकच होती, म्हणून दोघांना त्याच जीपमधून नगरला नेलं. करंजीचा घाट उतरेपर्यंत दोघंही मागच्या बाकांवर समोरासमोर, नाकाला धोतराचे बोळे लावून, गुडघ्यानं एकमेकांना ढोसत होते. ड्रायव्हरनं दोनदा गाडी थांबवून दोघांच्या कानफटात दिली. दोघांनीही तोंड पुढं केलं.

नगरला नाकाचा दवाखाना बाप-लेकीचा होता. मोठे डॉक्टर जुन्या वळणाचे. नाकाचं हाड ते छिन्नी आणि हातोडीनं कापायचे आणि हातोडी पांढऱ्या कोटाच्या खिशात ठेवायचे, जशी इतर डॉक्टर खिशात पेनं ठेवतात. त्यांची मुलगी, डॉक्टर माधुरी, नुकतीच परदेशातून शिकून आली होती. येताना तिनं दातांच्या डॉक्टरांच्या यंत्रावरून सुधारून घेतलेलं एक यंत्र आणलं होतं. कानाला ऐकू येत नाही इतक्या बारीक आवाजाच्या थरथरीनं ते हाड कापतं, म्हणाली ती. वर्ष नव्याण्णव होतं, बोरटेकडीत अजून टेलिफोन यायचा होता, त्यामुळं ऐकू न येणारा आवाज ही गोष्ट दोघांनाही लगेच पटली.

दोघांच्या नाकांचे फोटो बघून मुलीचा चेहरा उजळला.

"बाबा, हे बघा. दोघांचं आधीचं वाकडं जुळलेलं, तसंच वाकडं. आताचा मार एकच, एकाच वेळचा, एकाच जोराचा. अशी जोडी शोधून मिळायची नाही. एक तुम्ही करा, एक मी करते. मग बघू कोणाचा पेशंट लवकर बरा होतो."

"बघू की," मोठे डॉक्टर म्हणाले आणि खिशावर हात ठेवला.

मग तिनं एक कच्चं अंडं आणलं. यंत्राची बारीक टोकाची दांडी त्याच्यावर फिरवली. कवचाची एक चौकोनी टिकली निघाली, पण आतला पापुद्रा फाटला नाही, थेंब सांडला नाही. "हाड कापतं, पण मऊ भागाला, शिरांना हात लावत नाही," ती म्हणाली. "छिन्नी काय, जे समोर येईल ते तोडते."

आसारामनं अंड्याकडं पाहिलं. परदेशाहून विमानात बसून आलेलं यंत्र. खालच्या आळीच्या नाकाला कधी असलं काही लागलं होतं का?

"त्याला हातोडा मारा," तो बोळ्यातून म्हणाला. "मला मशीन."

"मला कायबी चालंल," कानिफनाथ म्हणाला. त्याला आधीच कमी दिसत होतं.

कानिफनाथाला आधी आत नेलं. आसाराम बाहेर बाकावर बसला आणि दाराला कान लावून ऐकत राहिला. टक. टक. टक. मध्येच मोठ्या डॉक्टरांचा आवाज, "धर डोकं, धर." मग पुन्हा टक, आणि काहीतरी करकरलं. आसारामला इतकं बरं वाटलं की नाकाचं दुखणंच विसरायला झालं. त्याच्या वेळी काहीच ऐकू आलं नाही. अर्थात तो भुलीत होता.

दोघं नाकावर प्लास्टर लावून त्याच जीपनं घरी आले. उरलेले दिवस आसाराम अंगणात बाजेवर पडून सूज चढायची वाट बघत होता. आप्पासाहेब शेजारी बसून माशा वारत होते. असं त्यांनी त्याच्या जन्मापासून कधी केलं नव्हतं.

"चढली का?" ते विचारायचे.

"चढंल."

चढली, तीही बेतानंच, आणि लगेच उतरायला लागली. डोळ्यांखाली जरासा निळसर डाग आला आणि आसारामची आई साळूबाई तो बघून खूश होतेय तोवर पिवळा होऊन निघून गेला. खालच्या आळीतून मात्र बातम्या येत होत्या. कानिफनाथाचे दोन्ही डोळे मिटलेत. गाल भोपळ्याएवढे झालेत. लेकरं त्याला बघून रडतायत. बायको त्याला गोठ्यात जेवायला वाढते.

आप्पासाहेब माशा वारायचे थांबले.

प्लास्टर काढायला दोघं पुन्हा नगरला गेले. डॉक्टर माधुरीनं आधी कानिफनाथाचं काढलं. पापण्या काळ्या, गालांवर हिरवं-जांभळं, नाक सरळ आलं होतं खरं, पण ते सुजेत कुठंतरी आत होतं. त्यानं आरसा घेतला आणि मोठ्यानं हसला, आणि हसल्यानं दुखलं म्हणून कण्हला, आणि कण्हून झाल्यावर पुन्हा हसला.

मग आसारामचं काढलं. डाग नाही, सूज नाही. नाक इतकं सरळ, की तो सोयरीक पाहायला गेला त्या दिवशीसुद्धा साळूबाईनं ते तसं पाहिलं नव्हतं. श्वास दोन्ही नाकपुड्यांतून जात होता. आसारामच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"असं होतं बरेचदा," डॉक्टर माधुरी म्हणाली. तिचेही डोळे ओले झाले. "आनंदानं होतं."

आसाराम सरळ मोठ्या डॉक्टरांकडं गेला. "डॉक्टरसाहेब, मलाबी हातोडा मारा. दोनच टोले. कुठंबी."

"तुझं झालंय रे बाबा."

"त्याच्यापेक्षा कमी झालंय."

मोठ्या डॉक्टरांनी आयुष्यात पुष्कळ तक्रारी ऐकल्या होत्या, पण असली कधीच ऐकली नव्हती. त्यांनी मुलीकडं विजयानं पाहिलं आणि नंतर विचार केल्यावर लक्षात आलं, की विजय तिचाच आहे.

घरी साळूबाईनं लाटण्यानं लेकाच्या डोळ्याखाली एक ठेवून दिली, आईच्या हातानं देता येईल तेवढ्या जोरानं. आसाराम कोलमडला आणि चुलीच्या कडेवर आपटला. वळ उठला, पण ताजा जांभळा. पंचांत कोंडीराम होता. त्याला वळाचा रंग बघून तो कधीचा आहे ते कळायचं, जसं दुसऱ्याला जनावराचे दात बघून वय कळतं. त्याच्यापुढं असला माल चालणार नव्हता.

अमावस्येला पार भरला. कोंडीरामनं कानिफनाथाची हनुवटी धरून तोंड उजेडात फिरवलं. जांभळ्याच्या कडेनं हिरवं, हिरव्याच्या कडेनं पिवळं. "पुनवंचं हाय," तो समाधानानं म्हणाला. मग आसारामकडं वळला. डोळ्याखाली बोट दाबलं. "ह्यो परवाचा. लाटन्याचा. ह्यो न्हाई धरत." आणि नाकाकडं बघून म्हणाला, "ह्याला तर नवरदेव म्हनून उभा करा."

खालची आळी हसली. आप्पासाहेब पाराच्या कडेला बसले होते. ते कोणाकडंच बघत नव्हते. तेवढ्यात डॉक्टर माधुरीची गाडी येऊन थांबली. तिला दोघांचे शेवटचे फोटो हवे होते, आणि दोघं दवाखान्यात येत नव्हते.

"बाई, तुमीच सांगा," आसाराम म्हणाला. "माझं नाक मोडलं हुतं का न्हाई?"

"मोडलं होतं. याचं जेवढं, तेवढंच तुमचं."

"मग ह्याच्या तोंडाला झालंय काय?"

"ते छिन्नीनं. शिरा तुटल्या, रक्त साकळलं. तेच तर मी म्हणते आहे."

कोंडीरामनं कानिफनाथाची हनुवटी सोडली आणि हात धोतराला पुसला.

"म्हंजे ही सूज आसारामच्या नाकाची न्हाई. दवाखान्याची."

"बरीचशी."

"मग ती जत्रंतली न्हाई."

कानिफनाथाचं तोंड उघडं पडलं. खालच्या आळीनं एकदम बोलायला सुरुवात केली, की कोणी मारलं हे विचारायचं नाही असा नियम आहे. वरच्या आळीनं उत्तर दिलं, की कोणी मारलं हे विचारलंच नाही, कुठं मारलं हे विचारलंय. कोंडीरामनं दोन्ही हात वर केले. मग त्यानं निकाल दिला. जत्रा मान ठरवायला भरते. मान ठरला नाही. म्हणजे जत्रा संपलेली नाही. ती पुढच्या अमावस्येपर्यंत चालू.

रेवडीवाला जायला निघाला होता, तो परत फिरला.

निकाल पुरा व्हायच्या आतच कोणीतरी कोणाच्या तरी पोटात डोकं घातलं. पार हलला. दगड पडले, चपला उडाल्या, वेळूची काठी मधोमध फुटून तिची चिरफळी कोणाच्या तरी दंडात घुसली. डॉक्टर माधुरी कॅमेरा पोटाशी धरून पाराखाली बसली. आसाराम कानिफनाथाला शोधत होता. मागून कोणीतरी त्याची बंडी ओढली आणि त्याला बाजूला सारलं. ते आप्पासाहेब होते. ते धापा टाकत, दात नसलेलं तोंड पुढं करून, सरळ कानिफनाथासमोर जाऊन उभे राहिले.

"हान," ते म्हणाले.

"आप्पा, बाजूला व्हा," कानिफनाथ म्हणाला.

"तुझा बाप माझ्या हातचा मार खाऊन ह्याच पारावर मुतला हुता."

कानिफनाथाचं कपाळ आप्पासाहेबांच्या नाकावर बसलं. म्हातारं माणूस एवढं रक्त कुठं ठेवतं कोण जाणे. धोतर, पायरी, कोंडीरामचा पंचा, सगळं लाल झालं. आसारामनं बापाला उचललं. अंगात वजनच राहिलं नव्हतं.

जीपमध्ये आप्पासाहेब त्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. "हातोड्यानं करा म्हनावं," ते बुडबुडत बोलले. "मशीन नगं. सूज टिकली पायजे."

दवाखान्यात डॉक्टर माधुरीनं रक्तदाब पाहिला आणि आसारामला बाहेर बोलावलं. वय झालंय, रक्त लवकर थांबत नाहीये, छिन्नी लावली तर आणखी वाहील. काय होईल सांगता येत नाही. यंत्रानं केलं तर त्यातून वाचतील.

"आनि सूज?"

"फारशी येणार नाही."

आसाराम बाकावर बसला, त्याच बाकावर. आत आप्पासाहेब मोठ्या डॉक्टरांना सांगत होते, की टोले मोजू नका, लागतील तेवढे घाला. आसारामला काठी आठवली, आणि जीपमधलं ते हलकं डोकं. बराच वेळ तो आपल्या सरळ नाकातून श्वास घेत राहिला. फार सोपा जात होता, त्याचाच राग येत होता.

"मशीननं करा," तो म्हणाला. "त्यास्नी सांगू नगा."

प्लास्टर निघालं त्या दिवशी आप्पासाहेबांनी स्वतःच आरसा मागितला. मोठे डॉक्टर शेजारी उभे होते, मुलीशी वाद घालायला आले होते. आप्पासाहेबांनी आरशात बघितलं. डाग नाही, सूज नाही. लग्नाच्या फोटोतल्यासारखं सरळ नाक. त्यांनी आरसा पालथा ठेवला.

"हातोडा न्हवता," ते म्हणाले.

"न्हाई," आसाराम म्हणाला. "तुमी गेला असता."

"मी जानारच हाय. मान न्हाई गेला पायजे."

"आप्पा, मला काठी नगं. तुमी पायजे."

एवढं ऐकल्यावर आप्पासाहेबांना राग अनावर झाला. त्यांनी हात लांब केला, मोठ्या डॉक्टरांच्या खिशातली हातोडी काढली आणि पोटच्या पोराच्या नाकावर घातली. दात, बरगडी आणि डाव्या कानाचा सगळा हिशेब त्या टोल्यात होता. आसाराम मागच्या मागं सलाइनच्या स्टँडवर पडला, बाटली फुटली, आणि फरशीवर डोकं आपटून तो पाण्यात आणि रक्तात उताणा झाला. डॉक्टर माधुरी किंचाळली नाही. तिनं फक्त डोळे मिटून घेतले, कारण ते तिचं सगळ्यांत चांगलं नाक होतं.

आसारामनं वर बघितलं. बाप हातोडी धरून उभा होता. नाकावर काहीतरी गरम, जड, मोठं होत चाललं होतं. डोळे बारीक व्हायला लागले. मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं.

"आप्पा," तो म्हणाला. "जत्रा चालू हाय."

आप्पासाहेबांनी हातोडीकडं बघितलं. मग लेकाकडं. मग आणखी एक घालावी का, असा विचार त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसला, पण मोठ्या डॉक्टरांनी हातोडी काढून घेतली.

"आत चला, लगेच नीट करते," डॉक्टर माधुरी म्हणाली.

"अमावस्येनंतर," आसाराम म्हणाला आणि दोन्ही हातांनी तोंड सांभाळत, भरलेली घागर न्यावी तसं, जीपकडं घेऊन गेला.

गावात पोचल्या पोचल्या त्यानं वरच्या आळीला बजावलं, की कानिफनाथाला कोणीही हात लावायचा नाही. ते दिवस कानिफनाथाचे फार वाईट गेले. तो दारोदार फिरून आयाबहिणींवरनं बोलायचा, ताटावर बसलेल्या माणसापुढं थुंकायचा, एकाच्या बैलाच्या शेपटीला त्यानं डबा बांधला. वरची आळी हात जोडून उभी राहायची. जसजशी अमावस्या जवळ आली तसतसा त्याचा चेहरा उजळत गेला आणि अमावस्येच्या सकाळी तो इतका देखणा दिसत होता की त्याच्या बायकोनं त्याला पुन्हा घरात जेवायला वाढलं.

कोंडीरामनं आसारामचं तोंड उजेडात फिरवलं. बराच वेळ रंग वाचले.

"कशाचं हाय?" त्यानं विचारलं. मग नियम आठवून म्हणाला, "ऱ्हाऊ दे."

नगरला बाप-लेकीचा वाद अजून मिटलेला नव्हता. छिन्नीचा एक पेशंट, यंत्राचे दोन, असं डॉक्टर माधुरी म्हणायची. दोन-दोन धर, मोठे डॉक्टर म्हणायचे. आसारामला शेवटी हातोडी लागली ती माझीच होती. आणि सूज बघितलीस ना कशी टिकली.

पुढच्या चैत्रात आप्पासाहेबांनी काठी उचलली. धाप लागत होती, म्हणून ती मागून आसारामनं धरली होती. म्हाताऱ्याचं नाक उन्हात सरळ दिसत होतं, बायका एकमेकींना दाखवत होत्या. आसारामचं वाकडं झालं होतं, तिसऱ्यांदा, आणि तो तोंडानं श्वास घेत होता. काठी डगमगली, मग सावरली. खालच्या आळीतून कानिफनाथ ओरडून काहीतरी म्हणाला.

"काय म्हन्तोय?" आप्पासाहेबांनी विचारलं. डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं.

"कायबी न्हाई," आसाराम म्हणाला. "तुमी वर बघा."

काठी कळसाला टेकली. आप्पासाहेबांनी ती तशीच धरून ठेवली, खाली सगळे भांडायला लागले तरी.